कापसात निजवलेलं लेकरू

त्या हिवाळ्यात इंदूबाईच्या घरात माणसांपेक्षा कापसालाच जागा जास्त होती. भाव पार पडलेले, सरकारी खरेदी रखडलेली. म्हणून नवरा भगवानराव म्हणाला, थांबू. दोन्ही खोल्या छातीइतक्या भरल्या. नवराबायको पडवीत निजायची, कापसातल्या किड्यांनी रात्रभर अंग खाजवत. झरी जामणीकडच्या त्या आडगावात स्लॅबचं घर त्यांचं एकट्याचंच. आणि सासरी आल्यापासून इंदूबाईचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता.

माघातली दुपार होती. आभाळ एकाएकी काळंनिळं झालं, वारं सुटलं आणि लिंबाएवढ्या गारा कोसळू लागल्या. शाळेवरचे पत्रे उडाले. इंदूबाईच्या चुलीचा मांडव आडवा झाला. तेवढ्यात टेकडीवरच्या पोडातली, म्हणजे कोलामांच्या वस्तीतली, माणसं डोक्यावर टोपली-घमेली धरून धावत खाली आली. त्यांच्या घरांवर छपरंच उरली नव्हती. पुढं म्हातारे रामराव आत्राम; कपाळ फुटलेलं. मागं त्यांची सून, पोटाशी ओली बाळोती अन् त्यात नुकतंच जन्मलेलं लेकरू.

भगवानराव दारात आडवा झाला. "वल्ल्या अंगानं आत कुठी येता? कापूस नासला तं कोन घेईन मंग?"

"बायालेकरं तं घ्या, पाटील," रामराव म्हणाले. "मी थांबतो भाईर."

"सरका," इंदूबाई नवऱ्याला म्हणाली.

"येडी झाली का तू?"

"हो, झाली! सरका म्हनते ना!"

तिनं त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. माणसं कापूस तुडवत आत घुसली. रामराव खरोखरच सगळ्यांच्या शेवटी आले, भिजून लटलट कापत.

लेकरू रडत नव्हतं. ओठ निळे पडले होते.

"इस्तो पेटवा लवकर," कुणीतरी म्हणालं.

"कापसात इस्तो?" भगवानराव ओरडला. "एक ठिनगी पडली तं समदेच भाजून मरू!"

ते खरंच होतं. इंदूबाईनं दोन्ही हातांनी ढिगात खड्डा उकरला. पुरुषांनी तोंडं फिरवली. लेकराला कोरड्या लुगड्यानं पुसून तिनं आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, दोघांना खड्ड्यात बसवलं आणि गळ्यापर्यंत कापूस लोटला. लेकराच्या नाकात तंतू जाऊ नयेत म्हणून पदर धरून ती गुडघ्यांवर बसली. गारांच्या तडतडाटात श्वास ऐकू येईना. ती नुसती त्याच्या नाकपुड्यांकडे बघत राहिली.

"पानी आत येऊन राह्यलं!" बाया ओरडल्या.

 भगवानरावानं ढिगातला कापूस कवेत घेतला आणि उंबरठ्याशी ठासून भरला. पुन्हा घेतला, पुन्हा भरला. त्याच वेळी लेकरानं बारीकसा सूर काढला. मग चांगला टाहो फोडला. इंदूबाईला उठताच येईना, पाय बधिर झाले होते.

छपरं होईपर्यंत पोड तिच्याच घरी राहिलं. गावातून कुणी पीठ आणलं, कुणी घोंगड्या. कापूस पिवळा पडला. शेवटी मिळेल त्या भावाला गेला. भगवानराव कितीतरी दिवस बायकोशी धड बोलला नाही.

लेकरू वाचलं. रामरावांना मात्र थंडीनं धरलं. ताप उतरलाच नाही, त्यातच ते गेले. त्यांच्या मातीला इंदूबाई निघाली, तर भगवानराव तिच्या आधीच फावडं घेऊन टेकडी चढत होता.