बंद चक्कीवरचं ऊन

गेल्या होळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पाड्यातल्या बायकांवर अन्याय झाला. सौरचक्कीचं उद्घाटन झालं, फोटो निघाले आणि ठेकेदार यंत्राच्या पेटीला कुलूप लावून किल्ली तालुक्याला घेऊन गेला. "तुम्ही बिघडवाल," म्हणाला. पावसाळ्यात चक्की बिघडली, पेटी उघडायला कुणी आलं नाही, ती अजून बंदच आहे.

राष्ट्रीय सेवेतून, गावोगावच्या स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठी, त्यानंतर मी वर्षभर राहायला इथे आले. पहिल्याच सकाळी पाड्यातली यमुनामावशी चक्कीच्या छपराला लावलेल्या शिडीवर दिसली. घाट उतरून दळण आणायला निघण्याआधी ती छपरावरच्या सोलर प्लेटा ओल्या फडक्याने पुसत होती.

"मावशी, बंद चक्कीच्या प्लेटा कशाला पुसतेस?"

"चक्की बंद हाय, ऊन न्हाई. अन् मळल्या की तालुक्याची मानसं म्हनतील, बघा, फुकट दिलं तरी सांभाळता येत न्हाई. त्यांना बोलायला जागा कशाला द्यायची?"

ऊन कुणाच्या परवानगीने पडत नाही. मग त्या उन्हावर दळायच्या पिठाला कुलूप कसलं? 'लोकसहभाग' हा शब्द मी सेवेच्या पत्रकांत कितीदा छापलाय. ज्यांच्या हाती किल्लीच नाही, त्यांचा सहभाग म्हणजे उद्घाटनाला टाळ्या वाजवणं, एवढाच.

उद्या आम्ही ते कुलूप तोडणार आहोत. हातोडी मावशीच्या घरची. पण पेटी उघडल्यावर दुरुस्ती करणारं आणि बायकांना ती शिकवणारं माणूस हवं. तुम्हाला यंत्रातलं कळत असेल तर शाबासकी पाठवू नका. राष्ट्रीय सेवेत नाव नोंदवा आणि वर्षभर इथे येऊन राहा.