मेमरीत मावेल असं

दर्यापूरच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गठाणी बांधणाऱ्या डोमाजी तायडेंची भागीरथा एम.एस्सी. झाली आणि अकोल्याच्या एका कापूस संशोधन केंद्रात नोकरीला लागली. जिनातले लोक विचारायचे, "पोरगी तिथं करते तरी काय?"

"कोणती पराटी चांगली, कोणत्या वाणाले कापूस जास्त, ते हिशेबानं ठरवते," डोमाजी सांगायचे. एवढंच बोलून ते कामाला लागायचे, पण त्या दिवशी त्यांची पाठ जरा जास्तच ताठ असायची.

हिशेब मात्र सोपा नव्हता. केंद्रातले लोक नवे वाण वऱ्हाडभरच्या शेतांत लावून पाहत. हंगाम संपला की शेताशेतांतून उताऱ्याचे आकडे यायचे. मग भागीरथा आणि तिच्याबरोबर काम करणारा अचलपूरचा शेषराव हाताने फिरवायच्या मशीनवर गुणाकार-भागाकार करत बसायचे. निकाल लागेपर्यंत पेरणी उरकलेली असायची आणि लोकांनी जुनंच बियाणं पेरलेलं असायचं.

साठ साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हा केंद्राचे प्रमुख किसनराव यांनी दोघांना मुंबईच्या एका संस्थेत कॉम्प्युटर शिकायला पाठवलं. तिथल्या यंत्रावर वर्षातून एकदा केंद्राचं काम करून घ्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

तिथं दोन तऱ्हा शिकवल्या. फोर्ट्रानमध्ये सूत्रं जवळजवळ वहीतल्यासारखी लिहायची. यंत्र स्वतःच त्यांचं आपल्या आकड्यांत भाषांतर करून घेई. दुसरी भाषा यंत्राच्या अगदी जवळची. हा आकडा उचल, त्यात तो मिळव, अमक्या जागी ठेव, असं एकेक पाऊल आपणच सांगायचं. शेषरावाला फोर्ट्रान मनापासून आवडलं. अकोल्याला आल्यावर त्याने प्रोग्राम इतका स्वच्छ लिहिला की किसनरावांनाही वाचून कळला.

प्रोग्राम भोकं पाडलेल्या कार्डांवर उतरवून, ती कार्डं घेऊन दोघं मुंबईला गेले. यंत्राने भाषांतर केलं, चूक एकही निघाली नाही. पण प्रोग्राम चालवायला घेतला आणि यंत्र थांबलं.

"भाषांतर झाल्यावर तुमचा प्रोग्राम फुगलाय," ऑपरेटर म्हणाला. "शिवाय वाचायला, छापायला फोर्ट्रानचं स्वतःचं सामान मेमरीत बसतं, ते वेगळंच. तुमच्या आकड्यांना जागाच उरत नाही. निम्मी शेतं गाळा."

शेतं गाळायची तर निकालाला अर्थ उरत नव्हता. काम दोन भागांत करायचं तर यंत्रावर मिळालेला वेळ पुरत नव्हता. परतीच्या गाडीत शेषराव खिडकीबाहेर बघत बसला.

"मले दुसऱ्या भाषेत लिवून पाहू द्या," भागीरथा म्हणाली.

"लिवाल तुमी. पण एखादं पाऊल चुकलं तर सापडन कुठं? अन् उद्या तुमची बदली झाली, तर ते वाचन कोण?"

"आधी मावू तर द्या, शेषराव."

अकोल्याच्या जुन्या शहरात मनकर्णाबाईंकडे तिची खोली होती. मनकर्णाबाई फुलं विकायच्या. सकाळी त्या ओसरीत हार गुंफत आणि भागीरथा शेजारी बसून लिही.

"रोज लिवते अन् रोज खोडते. काय करून राहिली वो?"

"हे लहान कराचं आहे, काकू."

"मंग काय काय काढून टाकलं?"

"काहीच नाही. दोन जागी होतं ते एका जागी आणलं."

खरोखरच तसं होतं. एकाच तऱ्हेचा हिशेब चार ठिकाणी लागत होता, तो तिने एकदाच लिहिला आणि चारही ठिकाणांहून तिकडे वळवलं. प्रोग्रामचा सुरुवातीचा भाग एकदाच चालायचा. त्याचं काम झालं की त्याचीच जागा तिने शेतांच्या आकड्यांना दिली. मग मागच्या वर्षीचे आकडे घेऊन सगळा प्रोग्राम तिने स्वतः, यंत्र व्हावं तसं, पावलापावलाने चालून पाहिला. एके ठिकाणी वजाबाकी उलटी सापडली. ती दुरुस्त केली.

मुंबईत दुसऱ्या खेपेला यंत्र थांबलं नाही. निकाल छापून येऊ लागले. शेषरावाने हाताने काढलेल्या उत्तराशी एक शेत ताडून पाहिलं. जुळलं. त्याने मागचं सगळं विसरून ऑपरेटरला हाक मारली, "या, पाहा. सारीच शेतं मावली." एवढ्या मोठ्या यंत्रात भागीरथाला अनोळखी असा एकही कोपरा नव्हता. कुठे काय बसलंय ते तिनेच ठरवलं होतं. तिला त्या वेळी आपण उंच झाल्यासारखं वाटलं.

त्या वर्षी निकाल पेरणीच्या आधी लागला. किसनरावांनी दर्यापुरात शेतकऱ्यांना जमवून तो सांगितला. डोमाजी मागे उभे होते. घरी आल्यावर म्हणाले, "साहेबानं पहिले तुहं नाव घेतलं." आणि जेवताना पुन्हा तेच म्हणाले.

पुढच्या वर्षी खताचेही प्रयोग वाढले. भागीरथा तेव्हा रजेवर घरी होती, म्हणून शेषरावाने तिच्याच प्रोग्राममध्ये फेरफार केला आणि मुंबई गाठली. उत्तरं भलतीच आली. तो अकोल्याहून बस पकडून थेट दर्यापूरला आला.

"जिथं हात लावला तिथून बिघडला," खाटेवर टेकत तो म्हणाला.

भागीरथाला आधी राग आला. आपल्या प्रोग्रामला हात लावलाच कशाला? तिने कार्डं पाहिली. शेषरावाने नवी पावलं नेमकी त्या सुरुवातीच्या भागात घातली होती, आणि पुढे आकड्यांनी ती पुसून टाकली होती. ही जागा पुढे पुसली जाते, अशी काही खूण तिने कुठेच ठेवली नव्हती.

"चूक तुमची नाही," ती म्हणाली. "ते माह्या डोक्यातच होतं."

बराच वेळ दोघं बोलत बसले. शेवटी तीच म्हणाली, "वाचनं, छापनं तुमच्या फोर्ट्रानात ठेवू. ते दरसाल बदलते. मधला मोठा हिशेब तेवढा माह्या भाषेत, अन् पावलापावलाले खुलासा."

"मावन का?"

"माह्या एवढं लहान नाही होणार. पण मावन."

मावलं. थोडं हळू चाललं, पण पुढच्या हंगामांत वाण वाढले, गावं वाढली, तरी शेषरावाला बस पकडून यावं लागलं नाही. केंद्रात नवी माणसं आली की भागीरथाबाई त्यांना प्रोग्राम लिहायला बसवत आणि आधी एकच विचारत, "हे काम पुढच्या वर्षी बदलणार आहे का?" उत्तर ऐकून मगच भाषा ठरे. पण जुनं काम दाखवा म्हणून कुणी फार आग्रह केला तर कपाटातून तो पहिला, लहानगा प्रोग्राम काढून दाखवत, आणि त्यात कुठल्या जागी काय बसलंय ते न बघता सांगत.