आधी कुणाची गाडी काढायची

येऊरच्या डोंगराला दर मार्चमध्ये कोणीतरी काडी लावतं. कोण लावतं ते कुणाला ठाऊक नसतं आणि विझवायला कुणी जात नाही. आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीची मागची भिंत त्या डोंगराला लागून आहे. भिंतीच्या आत झाडलेल्या पाचोळ्याचा ढीग महिनोन् महिने पडून होता, आणि त्याला खेटून माझ्या मोठ्या बहिणीची स्कूटर. ताईला लहानपणी पोलिओ झाला. साइडव्हील लावलेल्या त्या स्कूटरवर ती रोज बाळकुमच्या शाळेत शिकवायला जायची. स्कूटर दोन बाइकची जागा खाते म्हणून कमिटीने ती मागे पाठवली. त्या मीटिंगमध्ये मी होतो. चहा पीत गप्प बसलो होतो.

त्या रविवारी दुपारी धूर भिंतीवरून आत आला आणि अख्खी सोसायटी खाली धावली, गाड्यांसाठी. पार्किंगमध्ये गाड्या एकामागे एक लावलेल्या, गेटजवळ सगळ्यात पुढे माझी. तिसऱ्या मजल्यावरून ताईने आपली किल्ली खाली टाकली. ओरडली, "अरे, माझी काढ आधी!" मी झेलली. मागे निघालोसुद्धा.

तेवढ्यात चेअरमन अंगावर आले. "ओ, कुठे चाललात? तुमची हलवा ना, सगळे अडकलेत मागे!"

"ताईची स्कूटर आहे तिकडे..."

"अहो, स्कूटर काय, नंतर पण निघेल!"

मी ऐकलं. दोन मिनिटांचं काम होतं, आणि मी त्या माणसाचं ऐकलं! खरं तर त्यांच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांची नवी कार होती, मलाही तीच वाचवायची होती. कोपऱ्यावर नेली, वर पक्षी घाण करतील म्हणून झाडाखालून सरकवून पुन्हा लावली. आरसे मिटले. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

परत आलो तर गेटमध्ये गाड्या तिरक्या घुसलेल्या, हॉर्न, शिव्या, आणि आगीचा बंब बाहेर खोळंबलेला. कुठल्याही कारला आच लागली नाही. मागे स्कूटर तेवढी जळून गेली.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमननी लिहिलं, 'मोठं नुकसान टळलं, सर्वांचे आभार.' खाली लोकांचे जोडलेले हात. फोन भिंतीवर आपटावासा वाटला. पण मी कोणत्या तोंडाने उत्तर देणार होतो?

ताई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. नवी स्कूटर घेऊन, तिला साइडव्हील बसवून, आरटीओतून पास होऊन यायला वेळ लागतोय, तोवर मी तिला शाळेत सोडतो. स्कूटर घेतल्यापासून अकरा वर्षांत तिने कुणाला 'मला सोड' म्हटलं नव्हतं. आता रोज सकाळी सव्वासहाला ती आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहते आणि हळूच विचारते, "आज जमेल का रे तुला?"