विहिरीची आवस

आमच्या आत्याला उभा गाव 'आवसआत्या' म्हणायचा. तोंडावर नव्हे, पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा राग तर सोडाच, थोडा तोराच होता. अमावस्येला आमच्याकडे बैल औताला जुंपत नाहीत. आत्या त्या दिवशी विहिरीवरची मोटारही चालू करू द्यायची नाही. सकाळीच स्टार्टरच्या पेटीसमोर बाज टाकायची आणि टकळीवर लोकर कातत बसायची. कुणी विचारलं तर मान वर न करता म्हणायची, "आज हिरीची आवस हाय." समोर घरचा माणूस असो की तालुक्याचा साहेब, उत्तर तेच.

तिचं लग्न पालमकडे झालं होतं. तरुणपणीच नवरा गेला आणि ती पाच-सहा मेंढ्या घेऊन झरीजवळच्या आमच्या गावी, माहेरी परत आली. माझे वडील तिचे धाकटे भाऊ. त्यांना ती आमच्यादेखत रागावायची, आणि ते मुकाट ऐकून घ्यायचे. मोटार का लावायची नाही, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा तिने मला जवळ बसवून घेतलं. "आमच्या लहानपनी मोट होती, पोरी. आवसेला बैल सुटले की मोट बंद. सुट्टी बैलाची, पर तेवढ्यात हीर भरून यायची. मग इंजिन आलं. इंजिनाला ना खांदा ना वशिंड. त्येला कोन सुट्टी देतंय?"

ऑइल इंजिनाच्या काळात ती नुसत्या पुकपुकीवरून कुणाच्या विहिरीवर पाणी चालू आहे ते सांगायची. पुढे विजेच्या मोटारी आल्या आणि त्यांच्यामागोमाग लोडशेडिंग. सारा गाव लाईटवाल्यांच्या नावाने बोटं मोडायचा, आत्या मात्र खुशीत असायची. "लाईट गेली की हीर दम खाती," म्हणायची. लोडशेडिंगची बाजू घेणारी जिल्ह्यात ही एकच बाई असेल, असं म्हणून आम्ही तिची टर उडवायचो.

मग ती गोष्ट घडली. लोडशेडिंगमुळे शेतीची लाईट रात्रीची असायची, म्हणून माझे वडील रात्री पिकाला पाणी द्यायला गेले आणि त्यांना पान लागलं. साप चावला म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं, अशी आमच्याकडची रीत. सकाळी ते वरंब्यावर पडलेले सापडले, आणि पाणी तसंच वाहत होतं. लाईट गेली की हीर दम खाती, हे वाक्य त्यानंतर आत्याच्या तोंडून पुन्हा आलं नाही. माझा भाऊ बापू तेव्हा कॉलेजात होता. त्याने कॉलेज सोडलं आणि शेत धरलं.

म्हणून सरकारच्या योजनेतून सौरपंप मिळायला लागले तेव्हा गावातला पहिला अर्ज बापूने केला, आणि प्लेटा उभ्या राहिल्या तेव्हा आत्यानेच नारळ फोडला. प्लेटेवर हात ठेवून म्हणाली, "आता कुनाचं लेकरू रातीचं पान्यावर जायचं न्हाई." आणि पदर तोंडाला लावून रडली. देवळात योजनेचा मेळावा झाला. आलेले साहेब भले होते. धूर नाही, बिल नाही, रात्रीचं भय नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. हा पंप थोडा आधी आला असता तर माझे वडील आज असते, हे मी विसरू शकत नाही. आत्याने मागून विचारलं, "साहेब, ह्ये बंद कवा ऱ्हातंय?"

"सूर्य मावळल्यावर, आजी."

"आन् दिसभर?"

"दिवसभर चालूच. फुकट आहे ना!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याचे हात मांडीवरच राहिले.

पहिल्या वर्षी सगळं छान झालं. बापूने ज्वारी मोडून ऊस लावला. शेजाऱ्यांनीही लावला. ज्यांच्या विहिरी आटू लागल्या त्यांनी बोअर घेतले, आणि त्यावरही प्लेटा आल्या. एकमेकांच्या इतक्या जवळ बोअर घेऊ नयेत असा काही कायदा आहे म्हणतात. आमच्या शिवारात तो अजून कुणाला भेटलेला नाही. आत्या विहिरीच्या कठड्यावर बसून आत कान द्यायची. काही ऐकू येत नसे. "इंजिन खोकायचं, मोटार घुमायची," ती मला म्हणाली. "ह्ये मुक्यानंच प्यायलंय. मुक्यानं पिनाऱ्याचं मला लय भ्या वाटतं, पोरी."

दिवाळीनंतरच्या एका अमावस्येला बापू परभणीला माझ्या घरी आला होता. पंप मोबाईलवरून चालू करायची सोय असल्याने आता पेटीपुढे बाज टाकून काही उपयोग नव्हता. दुपारी शेजाऱ्याचा फोन आला, तुमच्या उसाचं पाणी बंद पडलंय. आम्ही दोघं गेलो आणि बघतच राहिलो. एकूण एक प्लेट झाकलेली होती. घोंगड्या, गोधड्या, आत्याची दोन लुगडी, वर मेंढरांच्या दोऱ्या आवळलेल्या. आणि खालच्या सावलीत आत्या, टकळी घेऊन.

"आत्या, फुकटचं ऊन वाया जायलंय!" बापू ओरडला.

"ऊन उद्या पुन्ना येतंय. पानी कोन आनून देनार?"

"ऊस वाळंल की!"

"एका दिसानं न्हाई वाळत." मग तिचा आवाज उतरला. "तुज्या बापाला रातीच्या लाईटनं नेलं, बापू. म्हनून ह्या पलेटींपुढं मीच नारळ फोडला. पर ह्येला थांबायचं कोन शिकवनार, सांग?"

बापू पाय आपटत बांधावर गेला. पण त्याने एकही घोंगडी ओढली नाही, आणि पुढच्या अमावस्यांनाही प्लेटा झाकलेल्या राहिल्या.

त्या वर्षी थंडी सरायच्या आतच विहिरीच्या तळचा खडक दिसला. आत्याने माझा हात धरून मला काठावर नेलं. "मी ह्या हिरीवर रांगले, पोरी. पर तिचा तळ आजवर पाह्यला न्हवता." उघडं माणूस पाहिल्यासारखी तिने नजर काढून घेतली. विहिरीजवळच्या हौदात मेंढ्या तोंड घालून कोरडा दगड चाटत होत्या. दुसऱ्या दिवशी तिने त्या पालमला दिराच्या पोरांकडे लावून दिल्या, आणि पुन्हा विहिरीकडे गेली नाही. पाऊस पडायच्या आधीच ती वारली. कसला आजार नव्हता. मेंढ्या गेल्यावर तिने जेवणच कमी केलं होतं.

पावसाळ्यात विहीर भरली, पण जुन्या खुणेला पाणी लागलं नाही. हिवाळ्यातल्या अमावस्येला मी गावी गेले. बापूने कुणी न सांगता सकाळीच प्लेटांवर आत्याच्या घोंगड्या पसरल्या होत्या आणि तिच्यासारख्याच गाठी मारल्या होत्या. दिवसभर आमचा पंप बंद होता. ऊन कललं तसा बापूने मला विहिरीवरून हाक मारली. सकाळी पाण्यात होती ती पायरी आता उघडी पडली होती. अजून ओली होती.

"ताई," तो हळूच म्हणाला, "आपन तर आज थेंबसुदिक उपसला न्हाई."

मी मान वर केली. शिवारात चौफेर शेजाऱ्यांच्या उघड्या प्लेटा चमकत होत्या. आवाज कुठूनच येत नव्हता.