ताई, बाह्या ऱ्हाऊ द्या

संगमनेरला आमचं स्वेटर विणायच्या मशीनचं महिला मंडळ दर गुरुवारी दुपारी शाळेत भरायचं. मी चिटणीस. जवळच्या खेड्यातून एक बाई एस.टी.नं यायच्या. वक्त्याच्या प्रत्येक वाक्याला त्या मोठ्यानं "व्हय का?" म्हणायच्या. त्यामुळे एका पाहुण्यांना स्वतःच्याच बोलण्याची शंका आली आणि त्या मध्येच खाली बसल्या. या बाईंना गप्प कसं करावं, या काळजीत माझा सबंध बुधवार जायचा.

त्या हिवाळ्यात पुण्याच्या एक विदुषी 'बाह्यांचे आधुनिक नमुने' या विषयावर बोलायला आल्या. तासभर आम्ही माना डोलावल्या. शंका विचारा म्हटल्यावर बाई उठल्या.

"ताई, बाह्या ऱ्हाऊ द्या. इनकाम थांबवायचं कसं? माझा मफलर दारापातुर गेलाय. मशीनवरनं काढला की उसवतोय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, एवढं सगळ्यांना येतं," मी दटावलं.

"व्हय का? मग तुमीच सांगा."

मशीन विकणाऱ्यानं आम्हाला सुरुवात तेवढी दाखवली होती. शेवट दाखवायच्या आत तो एस.टी. गाठायला पळाला होता. माझ्या अंगातल्या स्वेटरचा गळा आतून अकरा सेफ्टी पिनांनी धरलेला होता.

"मलाही येत नाही," मी म्हणाले.

पाहुण्या हसल्या नाहीत. त्यांनी टाके बंद करून दाखवायला घेतले, तेव्हा सगळ्यांना कोपरानं ढकलत पुढे घुसल्या त्या आमच्या अध्यक्षीणबाई.