मशिनपेक्षा मोठ्यानं

कंपन्यांमध्ये जाऊन लोकांना कामाच्या नव्या पद्धती शिकवणाऱ्या आम्ही चार कोच मैत्रिणी जमलो की दहाव्या मिनिटाला "अगं, माझ्या कंपनीत तर..." सुरू होतं. किस्से सगळे दुसऱ्यांचे! लोक बदलायला कसे तयार नसतात, त्याचे. माझ्याकडे महाडचे आहेत, आणि ते जरा उलटे आहेत.

*

बिरवाडीजवळ पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारा कारखाना. तीन महिन्यांत तिथली कामाची पद्धत बदलायची होती. पहिल्या दिवशी मी पाऊण तास बोलले. शेवटी विचारलं, "कुणाला काही शंका?"

पॅकिंगच्या सुगंधाताईंनी हात वर केला. "आदल्या म्याडम पन असंच छान बोलायच्या. त्या कुठं गेल्या?"

*

माझा लाडका नियम: कुणाला आयतं उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचे, म्हणजे माणूस स्वतः शोधतो.

दुसऱ्याच दिवशी माझी स्कूटर सुरू होईना. सकपाळमामा शेजारी येऊन उभे राहिले. मोठ्या मशिनचे ऑपरेटर, पोलादपूरच्या वरच्या वाडीतून रोज एसटीने येणारे.

"म्याडम, तुमाला काय वाटतं, का चालू होत नसंल?"

"पेट्रोल संपलं असेल."

"बरं. आजून काय आसंल?"

मी बॅटरी म्हटलं, प्लग म्हटलं. घामाघूम झाले. "मामा, सांगा ना सरळ!"

"तुमीच म्हनलात, आयतं सांगायचं नाय. स्टँड खाली हाय. त्यो वर केल्याबिगर ही गाडी चालू व्हत नाय."

*

एकदा सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या. 'कामावर भीती कशाची वाटते?' नाव न घालता लिहायचं. सगळ्या कोऱ्या. एकीवर फक्त 'पंखा'.

मी खुलले! पंखा म्हणजे डोक्यावरचा साहेब, सतत फिरणारा दबाव... दहा मिनिटं उलगडून सांगितलं.

सुगंधाताई म्हणाल्या, "पंखाच ओ म्याडम. तुमच्या डोक्यावरचा. हालतोय तो."

मी खुर्ची सरकवली.

*

आता मुद्द्याचं. मॅनेजर मोरेसाहेबांनी यादी केली होती: 'बदलाला प्रतिसाद शून्य.' पहिलंच नाव सकपाळमामांचं. सकाळच्या मीटिंगमध्ये मामा चकार शब्द काढत नसत. शेवटच्या दिवशी मालक येऊन यादी मंजूर करणार आणि मामा मशिनवरून थेट गेटवर, वॉचमन. यादीवर मी सही केलेली. पहिल्याच आठवड्यात! आजही आठवलं की स्वतःचा राग येतो.

मी मामांना मशिनपाशी गाठलं. "मीटिंगमध्ये बोला हो, नाहीतर गेटवर बसवतील."

"चोवीस वर्षं हितं काढली. गेटवर काय, गाड्या बघू?" मामा मशिनकडे वळले. मग म्हणाले, "गप उभी ऱ्हा हितं, बाय. दहा मिन्टं."

बाय! माझं माहेर महाड, तिथं लेकीला अशीच हाक मारतात. त्या हाकेला मी नाही म्हणूच शकत नाही. उभी राहिले. मशिनच्या धडधडीत मधेच एक बारीक खट् ऐकू आलं. मामांनी मशिन थांबवलं. पट्ट्याची कड उसवली होती.

"मामा, हे मीटिंगमध्ये का नाही सांगत?"

"मीटिंगच्या टायमाला मशिन बंद आसतं."

दुसऱ्या दिवसापासून मीटिंग चालू मशिनपाशी. आधी दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, मीसुद्धा. मोरेसाहेबांना म्हटलं, माझी सही परत घेते. ते म्हणाले, "यादी मुंबईला मालकांकडे गेली, मॅडम."

*

त्या आठवड्यात पुण्याहून नवऱ्याचा फोन आला. बोलता बोलता तो घाबरला. "हॅलो? हॅलो? नेटवर्क गेलं का?"

काही गेलं नव्हतं. मी फक्त त्याचं ऐकत होते!

*

शेवटचा दिवस. मालक आले. यादी त्यांच्या हातात, माझ्या लॅपटॉपमध्ये चाळीस स्लाइड.

"मॅडम, इथं नक्की काय बदललं?"

मी सगळ्यांकडे पाहिलं आणि गप्प बसले. मोरेसाहेबांनी टेबलाखालून पाय मारला. तरी गप्प.

मागून मामा उठले. "मी सांगतो. ही बाय बदलली. आली तवा मशिनपेक्षा मोठ्यानं बोलायची."

सगळे हसले. मी सगळ्यात जास्त. मालकांनी यादी उचलली. "सकपाळ तुम्हीच ना? मग तुम्ही काय बदललात?"

मामांनी टोपी सारखी केली. "मी बदललो आसतो, तर हिला कुनी शिकवलं आसतं?"

मालकांनी पेन काढून यादीतलं पहिलं नाव खोडलं.

"मोरे, सकाळी मशिनपाशी किती वाजता उभं राहायचं असतं?"