जास्वंदीवरचा कोळी

मंगळवारी गणपतीसाठी जास्वंद तोडायला गेले, तर पाकळीवर नखाएवढा कोळी. पाठ हिरवी, चमकदार, कडेला केशरी पट्टे. मी वाकले तसा तो गर्रकन वळला आणि काळ्या मण्यांसारख्या डोळ्यांनी माझ्याकडेच बघू लागला.

सासूबाई म्हणाल्या, "हा जाळं विणत नाही, उड्या मारून शिकार करतो. राहू दे, दुसरं फूल घे."

माझं लक्ष कशातच नव्हतं. दुपारी लेक शिकायला परगावी निघणार होती. "रोज फोन करू नकोस हं," असं तिने मला सकाळीच बजावलं होतं.

कोळ्याने पाकळीला बारीक धागा चिकटवला आणि मगच झेप घेतली. उन्हात तो धागा लकाकत राहिला. तो झेप घेणाऱ्या कोळ्याने लावला होता, फुलाने नाही. म्हटलं, फोनही लेकीलाच करू दे.